टाकीभर सौम्य

अमरावतीच्या मोजमाप पडताळणी उपविभागात शिरभाते साहेबांच्या बदलीनिमित्त रविवारी दुपारी निरोपसमारंभ घेण्याचं ठरलं, आणि 'समारंभातील पेय सौम्य असावे' असं परिपत्रक निघालं. त्याला कारण होतं. मागच्या समारंभात साहेबांनी आनंदाच्या भरात सगळ्या कर्मचाऱ्यांची महिनाभराची रजा जागच्या जागी मंजूर केली होती. ती रद्द करायची टिपणी लिहायला पुढे महिनाभर कार्यालयात कोणीच नव्हतं. त्या महिन्यात जनतेची एकही तक्रार आली नाही, हे वरिष्ठांना फार झोंबलं.

पेय करण्याचं काम हेडक्लार्क देवराव भटकरांच्या गळ्यात पडलं. त्यांनी आधी तक्ता फिरवला: पिणारे आणि न पिणारे. साठच्या साठ लोकांनी 'न पिणारे' या रकान्यात सही केली. माणशी प्रमाणाला पिणाऱ्यांच्या संख्येने गुणलं, तर उत्तर शून्य आलं. शून्य मद्याचं मिश्रण साहेबांना कसं द्यायचं, हा पेच पडला. मग देवरावांनी तिसरा रकाना आखला, 'चवीपुरते'. दुपारपर्यंत साठही सह्या तिकडे सरकल्या, आणि माणशी दोन चमचे या हिशेबाने पन्नास लिटरच्या पिंपाला एक बाटली जिन मंजूर झाली.

देवरावांना ही सौम्यता मनापासून हवी होती, कारण त्यांच्या लेकीची, प्रियदर्शनीची सोयरीक याच सौम्यतेवर लटकली होती. अकोल्याच्या बँकेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा अंकुर अढाऊ तिला आवडला होता आणि त्याला ती. अडलं होतं ते अंकुरच्या वडलांपाशी. नत्थुजी अढाऊ याच खात्याच्या अकोला कचेरीत होते आणि तिथल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्षही. बत्तीस वर्षं त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. कोणत्याच बाटलीला नाही. घरात खोबरेल तेलसुद्धा त्यांच्या डोक्यावर बायकोच ओतायची. त्यांनी निरोप धाडला होता, "समारंभाले येतो. तुमची माणसं कशी हायेत ते पाहतो, मंग हो का नाई ते सांगतो."

"बाबा, माझं लग्न तुमच्या पिंपात हाय, येवढं ध्यानात ठेवा," प्रियदर्शनीने बजावलं.

रविवारी नांदगाव पेठेच्या रस्त्यावरच्या लॉनवर देवरावांनी सकाळपासून खपून मिश्रण केलं. संत्र्याचा रस, लिंबू, अंबाडीचं सरबत, पुदिना, बर्फ, वरून सोडा आणि ती एक बाटली. चव घेतली तर छान लागलं. बारशाला ठेवलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं. देवरावांना गहिवरून आलं.

तेवढ्यात कचेरीतले परतवाड्याचे किसनराव पिशवी घेऊन आले. परिपत्रकाचा तिसरा नियम असा होता की समारंभात कोणीही खासगी बाटली बाळगू नये, सर्व पेय सामायिक पिंपातूनच घ्यावे. किसनराव नियमाचे पक्के. त्यांनी बाटली बाळगली नाही. सरळ पिंपात रिकामी केली.

"हे काय केलं जी?" देवराव ओरडले.

"माह्यासाठी नाई केलं, देवरावभाऊ. साहेबाचा निरोप हाय, अन् पिंपात काईच दम नाई. मोहाची हाय, घरची."

रागिणी मॅडमनी द्राक्षाची आणली होती. "फळच आहे ते. तुमी संत्रं टाकलं, म्या द्राक्ष टाकलं," म्हणाल्या. त्यांच्यामागे रांग लागली. प्रत्येकाने बाटली दुसऱ्यासाठी आणलेली होती. सगळ्यात शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरने खोकं आणलं. "मले हे माहीत नाई, अन् तुमी हे पाह्यलं नाई," असं साहेबांनी देवरावांच्या कानात सांगितलं आणि चार पावलांवर उभं राहून ते नीट ओतलं जातंय ना हे पाहिलं.

आता पिंपाजवळ नुसतं उभं राहिलं तरी डोळ्यांत पाणी येऊ लागलं. परिपत्रकाचा चौथा नियम: मिश्रण तीव्र आढळल्यास ते विहित सौम्यतेस आणावे. पाचवा नियम: मिश्रण सामायिक मालमत्ता असल्याने फेकू नये. म्हणजे वाढवणं एवढाच मार्ग उरला. देवरावांनी पाणी घातलं. दुसरं पिंप लागलं. मग आचाऱ्याचे दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, लागली. तरी सौम्यता काही येईना.

"साहेब, गच्चीवर हजार लिटरची टाकी हाय," लॉनचा व्यवस्थापक नितेश म्हणाला.

"अरे, पण तिच्यात पाणी आहे ना?"

"म्हणूनच सांगून राह्यलो. तुमाले पाणीच पायजे ना?"

या तर्कात देवरावांना दोष काढता आला नाही. मोटर लावून सगळं मिश्रण टाकीत चढवलं. विहित सौम्यता आली. देवरावांनी कपाळाचा घाम पुसला.

पण लोकांनी चव घेतली आणि त्यांची तोंडं उतरली. "पानचट झालं बा," किसनराव म्हणाले. साठही माणसं निमूट फाट्यावरच्या दुकानाकडे गेली आणि खोकी घेऊन परतली. टाकीला शिडी लागली, शिडीला रांग लागली, रांगेत धक्काबुक्की होऊ नये म्हणून रागिणी मॅडम नंबरांच्या चिठ्ठ्या वाटू लागल्या. देवराव शिडीच्या पायथ्याशी हात जोडून प्रत्येकाला विनवत होते, आणि प्रत्येक जण "माह्यासाठी नाई जी" म्हणत वर चढत होता.

टाकीचं पाणी लॉनच्या सगळ्या नळांना जायचं. आचाऱ्याने त्यातच वांगी शिजवली आणि फोडणी देता देता तो गाऊ लागला. हात धुवायला गेलेले लोक परत येईनात.

याच वेळी नत्थुजी अकोल्याच्या गाडीने उतरून, उन्हात तापून, घामाघूम होऊन फाटकातून आत आले. "पहिले पाणी द्या," ते म्हणाले.

देवराव धावत गेले आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आले. नत्थुजी दोन पावलं मागे सरले.

"बाटली?"

"पाण्याची आहे हो! साध्या पाण्याची!"

"बाटली ते बाटली. तो नळ दिसून राह्यला ना, मी नळाचं पेतो."

नळाला काय येतंय ते सांगावं, तर सोयरीक जागेवर मोडत होती. देवरावांनी बाटली पाठीमागे धरली. नत्थुजींनी पेला भरला आणि एका दमात संपवला. "वा! आमच्या खारपाणपट्ट्यात असं पाणी कुठं?" त्यांनी आणखी एक घेतला. मग आणखी एक. सहाव्या पेल्यानंतर ते खुर्चीवर उभे राहिले आणि व्यसनमुक्तीवर असं भाषण केलं की साठही माणसं ढसाढसा रडली, आणि घसा कोरडा पडला म्हणून सगळी नळाकडे गेली. पुढे नत्थुजी साहेबांच्या गळ्यात पडले, बँडवाल्याचा ढोल काढून घेतला आणि भाजीच्या गंजाभोवती नाचले. देवरावांनी मनातल्या मनात लेकीची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी देवरावांच्या ओसरीवर डोक्याला दुपट्टा बांधून बसले होते. बँकेतून रजा घेऊन थांबलेली प्रियदर्शनी चहा घेऊन दारात थबकली.

"देवरावजी, एक इचारतो. खरं सांगा. म्या काल काय पेलो?"

खरं सांगितलं तर त्या माणसाची बत्तीस वर्षं जात होती, आणि सोबत सोयरीकही. खोटं बोललं तर अध्यक्ष साध्या पाण्यावर गंजाभोवती नाचतात असं ठरत होतं. देवरावांनी लेकीकडे पाहिलं. मग नत्थुजींकडे पाहिलं. त्यांचे लाल डोळे गयावया करत होते.

"पाणी," देवराव म्हणाले.

"साधं?"

"नळाचं."

नत्थुजींनी मोठा श्वास सोडला. "म्याही तेच म्हणून राह्यलो होतो." मग म्हणाले, "इवाई..." आणि 'व्याही' म्हटलेलं ऐकताच दारातली प्रियदर्शनी चहा घेऊन लगबगीने पुढे आली.

"इवाई, लग्न इथंच करा, त्याच लॉनवर. आमच्या मंडळाचे दोनशे लोक येतीन. एकही जण बाटलीले शिवत नाई. जेवण साधं असू द्या, मानपान नको. फक्त पाण्याची सोय तेवढी कालच्यासारखी ठेवजा."

लग्न वैशाखात आहे. पत्रिका तुम्हालाही येईल. तुम्ही घेत नाही, हे देवराव चांगलं जाणून आहेत. म्हणूनच त्यांनी नितेशला गच्चीवर आणखी एक टाकी बसवायला सांगितलं आहे.