धर्मराजच्या गाडीतली खोट

वेणूबाईंचे पत्र दिवाळीआधी आले होते आणि रामभाऊंनी त्याला अजून उत्तर दिले नव्हते. पत्र पानभरच होते, बदलापूरच्या पलीकडच्या गावाहून आलेले, नात किर्तीच्या हस्ताक्षरातले. ‘भाऊजी, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पोरीकडून लिहून घेते. आमच्या यांची गाडी तुमच्याकडे अजून फटाके फोडते असं कानावर आलं. दीर चारचौघांत म्हणतात, धर्मराजने मित्राच्या गळ्यात फुटकी गाडी बांधली. हे गेले, पण कुणाला फसवून गेले नाहीत. गाडीत खोट होती का नव्हती, खरं ते कळवा.’

रामभाऊ फोन उचलत नसत हे खरे होते. फोन वाजला की आपण काय बोलायचे याचा ते इतका विचार करत, की तोवर तो बिचारा वाजायचा थांबे.

पण खरे काय ते कळवायचे कसे? आनंदनगरच्या कारखान्यात रामभाऊ स्टोअर सांभाळत आणि धर्मराज ड्रिल मशीनवर असे. निवृत्त झाल्यावर धर्मराजने आपली जुनी मोटारसायकल त्यांना दिली तेव्हा म्हणाला होता, “रामभाऊ, गाडीत खोट नाय. माझा शब्द.” आणि पहिल्याच दिवशी अंबरनाथचा उड्डाणपूल उतरताना गाडी फाट्‌कन वाजली होती. तेव्हापासून रोज वाजत होती. ‘खोट नाही’ लिहावे तर ते खोटे, ‘आहे’ लिहावे तर गेलेल्या मित्राचा शब्द मोडायचा. आधी गाडी का वाजते ते शोधू, मग लिहू, असे रामभाऊंनी ठरवले. खरे तर पत्रापेक्षा त्यांना त्या आवाजाचेच कुतूहल अधिक होते.

उल्हासनगरच्या संतोष मेकॅनिकने गाडीकडे न बघताच निदान केले. “प्लग गेलाय काका. हंड्रेड पर्सेंट.”

“वाजते कधी, ते सांगू का?” रामभाऊंनी हळूच विचारले.

“वाजते ना? मग बस.”

नवा प्लग बसला. विठ्ठलवाडी डेपोसमोर गाडी पुन्हा वाजली आणि एका बाईंच्या हातातली अंड्यांची पिशवी रस्त्यावर पडली. रामभाऊ थांबले, माफी मागू लागले. माफीतले कोणते वाक्य आधी म्हणावे हे त्यांचे ठरेपर्यंत बाईंनी नवी अंडी वसूलही केली.

“कार्बोरेटर,” संतोष दुसऱ्या दिवशी म्हणाला. “मी बोललोच होतो.”

“तू प्लग म्हणाला होतास.”

“तेच ना. प्लगच्या नंतर कार्बोरेटर.”

कार्बोरेटर उघडून साफ झाला. गाडी वाजायची थांबली नाहीच, वर सिग्नलला उभी असली की आपोआप रेस घेऊ लागली. आयुष्यात कुणाला ओव्हरटेक न केलेले रामभाऊ आता शर्यतीला निघाल्यासारखे दिसू लागले. शेजारचा रिक्षावाला वैतागला. “ओ आजोबा, जायचंय तर जा ना. डराते कायको?”

तिसऱ्या खेपेला संतोषने पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे जाहीर करून टाकी रिकामी केली. रामभाऊ गाडी ढकलत पंपापर्यंत गेले. भरलेल्या टाकीने गाडी पूर्वीपेक्षा खणखणीत वाजली.

शेवटी ते वाचनालयात गेले. तळाच्या कप्प्यात मोटारसायकल दुरुस्तीचे एक जुने पुस्तक सापडले. त्यातला पहिलाच प्रश्न होता : आवाज रेस देताना होतो की सोडताना? इतक्या दिवसांत त्यांना हे पहिल्यांदाच कुणी तरी विचारले.

“सोडताना,” रामभाऊ पुस्तकाला म्हणाले. पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी खुर्ची थोडी दूर सरकवली.

पुस्तकाचे म्हणणे असे : रेस सोडली की थोडे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते. वाटेत कुठून बाहेरची हवा शिरली तर ते तिथेच भडकते आणि फटाका फुटतो. इंजिन थंड असतानाच चालू करा, नळीवर साबणाचे पाणी सोडा, बुडबुडा येईल तिथे भोक.

रविवारी रामभाऊ मग्यात धुण्याची पावडर कालवून खाली उतरले. इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीवर पाणी सोडताच खालच्या अंगाला एक फुगा आला. ते पोटावर आडवे होऊन बघू लागले. भोक गंजाचे नव्हते. गोल होते, कडा कानशीने घासलेल्या होत्या. स्टोअरमधून जन्मभर ड्रिल बिट देणाऱ्या माणसाला ते ओळखायला वेळ लागला नाही. भोक धर्मराजने पाडले होते, आणि बिट बहुधा रामभाऊंनीच दिले होते.

त्यांना फार वाईट वाटले. आता वेणूबाईंना काय लिहायचे? खोट होती, आणि ती तुमच्या यजमानांनी स्वतः पाडली? धडधाकट गाडीला माणूस भोक कशाला पाडील? पुस्तकात याचे उत्तर नव्हते. त्यांनी भोकात स्क्रू पिळला, लांबी भरली, ती वाळू दिली आणि संध्याकाळी पुलावरून एक फेरी मारली. गाडी मांजरीसारखी उतरली.

सोसायटीचे गेट बंद होते. वॉचमन जनू खुर्चीत झोपला होता. हॉर्न वाजवायचा संकोच, म्हणून रामभाऊ तो जागा होईपर्यंत उभे राहिले.

“काका, तुम्ही? आवाज कुठं आला?” जनू डोळे चोळत म्हणाला. “मी पुलावरचा फटाका ऐकून उठतो ना.”

घराचे दार नुसते लोटलेले होते. रामभाऊ आत शिरले. डॉक्टरांनी साखर बंद केलेल्या शालनताई, त्यांच्या पत्नी, जिलेबीची बशी घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या संजीवनीताई हसून हसून सोफ्यावर कलल्या होत्या. आणि मधोमध सून पायल, रामभाऊंचा जुना चष्मा लावून, कानाला रिमोट धरून सांगत होती, “हॅलो. नाही, रामभाऊ घरी नाहीत. मी कोण? ते नक्की सांगता येणार नाही.”

तिने वळून पाहिले. चष्मा नाकावरून घसरला.

“असं चोरपावलांनी येतात का घरात?” शालनताईंनी बशी पदराखाली घेत हल्ला चढवला.

“आपलंच घर, म्हणून...”

“मामंजी अंगणातूनच खाकरायचे. आम्ही बायका काय लपवायचं ते लपवून, पदर सावरून तयार. तुम्हाला तर खाकरायचीसुद्धा लाज. ती गाडी वाजायची, तेवढंच बरं होतं.”

रामभाऊ दारातच उभे राहिले. त्यांना स्टोअरची खिडकी दिसली. बिट हवे असले तरी हाक न मारता तिथे ताटकळणारा धर्मराज दिसला. तीन भावांचे एकत्र घर, घरात तीन जावा, आणि हा असा, घशातून आवाज न निघणारा.

“सॉरी हं बाबा,” पायल म्हणाली.

“छान करतेस,” रामभाऊ म्हणाले. “फक्त मी ‘हॅलो’पर्यंत पोचत नाही.”

मग ते खाली गेले आणि स्क्रू काढून टाकला. वर येऊन एका बैठकीत पत्र लिहिले. असे त्यांच्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

‘वहिनी, गाडीत खोट नाही. धर्मराजने मला खरं तेच सांगितलं होतं. त्याला दारात खाकरायला जमत नसे, म्हणून त्याने ते काम गाडीला लावलं. भोक त्याच्याच हातचं आहे आणि फार सुबक आहे. दीरांना दाखवायचं असेल तर गाडी घेऊन येतो. मी येतोय हे तुम्हाला गावाच्या वेशीवरूनच कळेल. आवाज आल्यावर तुम्ही घरात काय आवरत होता, ते मात्र मला कळवू नका.’

शेवटचे वाक्य जरा जास्त झाले का, या विचारात ते दुसऱ्या दिवशी टपालपेटीसमोर बराच वेळ पाकीट हातात धरून उभे होते. मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारले, “टाकताय काका, का नुसतं पेटीला दाखवताय?”

रामभाऊंनी गडबडून पाकीट पेटीत सोडले.