बिनदह्याचे अपघात

कट्! अडकित्त्याचा आवाज झाला आणि माजघरातली शांतता मोडली.

सतरंजीवर मधोमध तो खाकी लिफाफा पडला होता आणि घरातली माणसं त्याच्याभोवती, विंचू निघाल्यावर बसावीत तशी, अंग चोरून बसली होती. सासऱ्यांनी, दिनकररावांनी, सुपारी कातरली म्हणजे आता ते बोलणार, हे कुमुदिनीला सात वर्षांच्या सासुरवासानं ठाऊक झालं होतं. तिनं मांडीवरच्या लेकीची, लीलाची वेणी घालणं थांबवलं.

“गुरुवारी अकराची गाडी,” दिनकरराव म्हणाले. “तयारीला तीन दिवस. भरपूर झाले.”

“कोणाच्या तयारीला?” सासूबाईंनी, उषाताईंनी, विचारलं. “माझा मुलगा कुठं जाऊन नाही राहिला.”

मुलगा म्हणजे कुमुदिनीचा नवरा, कॅप्टन बळवंतराव. वय बत्तीस, मिशा भरघोस, आणि आईसमोर आवाज बंद. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौज हिंदी सैन्यात गेली आणि मग अफसरांची चाळणी लागली. चाळणीच्या खाली किती तरी जण पडले. पलीकडच्या घरातले कान्होजीराव, पंचवीस वर्षं घोड्यावर बसलेला माणूस, आता सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत. बळवंतराव आत्तापर्यंत चाळणीच्या वर होते. चाळणीचा शेवटचा हिसका या लिफाफ्यात होता: काश्मिरात गुलमर्ग येथे बर्फावर चालण्या-घसरण्याच्या शिक्षणासाठी हजर व्हावे, हजर न झाल्यास नाव कमी करण्यात येईल.

“घसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं रे?” उषाताईंनी विचारलं.

“दोन लांब फळ्या असतात, आईसाहेब. त्या पायाला बांधायच्या आणि डोंगरावरून खाली यायचं.”

“आणि थांबायचं कसं?”

बळवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. “तेच तर शिकवतात.”

झालं. उषाताई उठल्या आणि त्यांनी निकाल दिला, “माझ्या हातचं दही मिळणार नाही.”

हे ऐकून दिनकररावांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्या घरातून तळहातावर दही घेतल्याशिवाय कोणी कधी गावाला गेलं नव्हतं. बळवंतराव ब्रह्मदेशच्या लढाईवर निघाले तेव्हासुद्धा उषाताईंनी डोळ्यांतून टिपूस न काढता दही दिलं होतं. दही नाही म्हणजे उंबरा ओलांडणं नाही, आणि सहा फूट उंचीचा हा कॅप्टन तो ओलांडणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

“अगं, लढाईला दिलंस ना?” दिनकरराव म्हणाले. “तिथं तर गोळ्या सुटत होत्या.”

“लढाईत काही झालं असतं तर लोक वीर म्हणाले असते. हा घसरून पडला तर काय म्हणतील? पायाला फळ्या बांधून डोंगरावरून उडी घेतली म्हणतील!”

“सरकारचा हुकूम आहे, आईसाहेब,” बळवंतराव म्हणाले.

“कुठलं सरकार? उन्हाळ्यात इंदूरला असतं, हिवाळ्यात इथं ग्वाल्हेरला येतं. ते आधी एका जागी बसू दे, मग माझ्या मुलाला हलवू दे.”

कुमुदिनीलाही भीती वाटत होती. फळ्या, डोंगर आणि खाली येणारा नवरा हे चित्र कणिक मळतानाही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण दुसरं चित्र त्याहून वाईट होतं. त्यात दारात दोन खुर्च्या होत्या. एकीवर कान्होजीराव आणि दुसरीवर बळवंतराव, आणि दोघंही एकमेकांना वेळ विचारत होते.

मंगळवारी सकाळी दिनकररावांनी आपलं हत्यार बाहेर काढलं. उभ्या हयातीत त्यांनी दरबारच्या दप्तरात फेहरिस्ती, म्हणजे याद्या, केल्या होत्या: हत्तींची, कंदिलांची, गळक्या तंबूंची. कुठलाही वाद खाने आखून लिहिला की मिटतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी फुलस्केप घेतला, रूळ घेतला, नुकत्याच लिहायला शिकलेल्या लीलाला ‘नायब कारकून’ नेमून शाई धरायला बसवलं आणि वर मथळा घातला: ‘या घरात आल्यापासून झालेले अपघात.’

“या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली,” ते उषाताईंना म्हणाले. “कोण कशानं पडलं ते सांग. मग बघू, जास्त धोका कशात आहे. हां, जिना?”

“तीन,” उषाताई दारातूनच म्हणाल्या. “एकदा तुम्ही. आंब्याची पाटी घेऊन.”

“पाटी गेली, आंबे वाचले. न्हाणीघर?”

“पाच. त्यात दोनदा तुम्ही.”

“नावं लिहायची नाहीत, फक्त आकडे. गच्ची?”

“माकडानं पापड नेले तेव्हा मी बाजेवरून पडले. आणि पतंगापायी बळवंताचा दात गेला.”

“दोन. टांगा?”

“एक. घोडा बसला होता.”

“मंगळागौर?”

उषाताईंनी डावा हात कुरवाळला. फुगडीत त्यांचा डावा हात मोडला होता आणि तो तीन महिने गळ्यात बांधून त्या वावरल्या होत्या. “लिहा एक,” त्या पुटपुटल्या.

दिनकररावांनी खाली ठसठशीत रेघ ओढली. “आणि आता बर्फ. बर्फावरून घसरून झालेले अपघात: शून्य! बघ. देवीपुढं घातलेली फुगडी बर्फापेक्षा घातक निघाली. कागद बोलतोय, मी नाही.”

बळवंतरावांच्या मिशा दोन दिवसांत पहिल्यांदा वर गेल्या. पण उषाताई कागदाकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सरळ होत होती. ती सरळ झाली की समोरच्याचं काही खरं नसे.

“लीलाच्या बारशाला सरबतासाठी बर्फाची लादी आणली होती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ती कोणाच्या पायावर पडली?”

दिनकररावांनी टाक खाली ठेवला. “भालचंद्राच्या,” ते अगदी हळू म्हणाले. भालचंद्र म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. अंगठा अजून वाकडा होता.

“लिहा. बर्फ: एक.”

“हो, पण एकच ना! न्हाणीघर पाच आहे.”

“न्हाणीघरात आपण रोज जातो. पंचवीस वर्षांत पाच. या घरात बर्फ आला किती वेळा? एकदा. आणि पायावर पडला किती वेळा? एकदा! म्हणजे जितक्यांदा आला तितक्यांदा पडला. आणि गुलमर्गला लादी नाही, अख्खा डोंगर आहे.”

दिनकररावांनी कागद उलटसुलट करून पाहिला. हिशेबात खोट नव्हती. आयुष्यभर खोटी नोंद न केलेला तो माणूस शून्य खोडून एक लिहू लागला, तेव्हा बळवंतराव उठून अंगणात निघून गेले. पायरीवर बसून ते बूट पुसू लागले. बूट आधीच लख्ख होते.

बुधवारी दुपारपर्यंत प्रवासाचा होल्डॉल उघडाच पडून होता. घरात भांडीसुद्धा दबकत वाजत होती. कुमुदिनी तांदूळ निवडताना समोर भिंतीला टेकवलेल्या त्या कागदाकडे बघत होती. जिना तीन, न्हाणीघर पाच, गच्ची दोन. एक खडा तिच्या बोटात तसाच राहिला.

ती ताट घेऊन उषाताईंपाशी जाऊन बसली.

“आईसाहेब, एक विचारू? न्हाणीघरात जाताना कोणी दही घेतं का?”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“आणि गच्चीवर जाताना?”

“कुमुद, काय ते सरळ बोल.”

“काही नाही. कागद बघत होते. जिना, न्हाणीघर, गच्ची, फुगडी. इतकी माणसं पडली, पण दही घेऊन निघालेलं एकही नाही. टांग्याचा घोडा बसला तेव्हा आपण बाड्यावरच्या बाजारात चोळखण आणायला गेला होतात. त्याला कोण दही देतं? आणि दही घेऊन गेले कोण? हे ब्रह्मदेशला गेले. मामंजी दरबारबरोबर दोनदा दौऱ्यावर गेले. भालचंद्रकाका परीक्षेला गेले. सगळे धड परत आले.” तिनं ताटातला खडा उचलून बाजूला टाकला. “या घरात जो पडलाय, तो बिनदह्याचा पडलाय.”

उषाताई उठून कागदापाशी गेल्या.

“अहो!” त्यांनी हाक मारली. “तो रूळ घेऊन या. मधे एक उभी रेघ ओढा. इकडे दह्याचे, इकडे बिनदह्याचे.”

दिनकररावांनी रेघ ओढली. बिनदह्याच्या बाजूला तेरा झाले, दह्याच्या बाजूला शून्य. हे शून्य कोणाला खोडता येईना. घसा खाकरून उषाताई सुनेला म्हणाल्या, “दूध तापव. आज विरजण लावायचंय.”

आता सगळी भिस्त दह्यावर आली आणि तीच पंचाईत झाली. ग्वाल्हेरची ती माघातली थंडी. तेल थिजत होतं, तिथं दही कुठलं लागायला! विकतचं दही चालणार नव्हतं. कुमुदिनीनं बुडकुलं बळवंतरावांच्या मफलरमध्ये गुंडाळलं आणि चुलीच्या वरच्या उबदार फळीवर चढवून ठेवलं. गुरुवारी सकाळपासून उषाताई तीनदा विचारून गेल्या, “लागलं का गं?” आणि तीनदा कुमुदिनी म्हणाली, “लागतंय.”

दहा वाजता टांगा दाराशी आला. टांगेवाला ओरडला, “साहब, रेल किसी के लिए नहीं रुकती!” बळवंतराव पूर्ण पोशाखात उंबऱ्याच्या आत उभे राहिले. दिनकरराव घड्याळ हातात धरून मिनिटं मोजू लागले.

कुमुदिनी स्वयंपाकघरात तिपाईवर चढली. बुडकुलं तिरकं करून पाहिलं. हललं नाही! दही लागलं होतं, घट्ट. तिला इतका आनंद झाला की आपण तिपाईवर आहोत हे ती विसरली. तिनं पाऊल मागं टाकलं. तिथं काही नव्हतं.

बुडकुलं तिनं डाव्या हातात उंच धरलं होतं आणि अंगाचा सगळा भार उजव्या मनगटावर आला. आत काही तरी कडाडलं.

“काय पडलं गं?” बाहेरून उषाताईंचा आवाज आला.

दारात लीला उभी होती, डोळे मोठ्ठे करून. कुमुदिनीनं मान हलवून तिला गप्प राहायची खूण केली. निघायच्या वेळी घरातली सून पडली हे कळलं असतं, तर टांगा तसाच परत गेला असता.

“तिपाई पडली, आईसाहेब!” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं; तिपाईही आडवी झाली होती.

वाटीत दही काढून ती बाहेर आली. तिनं डाव्या हातानं वाटी पुढं केली.

“उजव्यानं दे गं. आजच्या दिवशी डावा हात?”

पदराखालून उजवा हात बाहेर आला. मनगटावर लिंबाएवढी सूज आली होती. तिनं बांगड्या त्यावर ओढून घेतल्या आणि वाटी त्या हातात घेतली. एक, दोन, तीन, चार पावलं. उषाताईंनी वाटी घेतली, मुलाच्या तळहातावर दही घातलं, वर साखर घातली.

“थांबायचं तेवढं आधी शिकून घे,” त्या म्हणाल्या. “घसरायचं नंतर.”

“येतो, आईसाहेब.” बळवंतरावांनी कुमुदिनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“वेडी!” उषाताई तिला म्हणाल्या. “निघताना रडायचं असतं का? तुझ्याच कागदावर विश्वास नाही?”

“आहे, आईसाहेब,” कुमुदिनी म्हणाली आणि हसली. ते हसणं तिला ब्रह्मदेशच्या लढाईइतकं जड गेलं.

टांगा वळणावरून दिसेनासा झाला. दिनकरराव घड्याळ खिशात घालत म्हणाले, “गाडी मिळणार. नक्की मिळणार.” उषाताई हात धुवायला न्हाणीघराकडे निघाल्या, थबकल्या, मागं वळून वाटीतलं उरलेलं दही जिभेला लावलं आणि मग आत गेल्या.

कुमुदिनी पायरीवर टेकली आणि मनगट मांडीवर घेतलं. शेजारी लीला येऊन बसली. तिनं भिंतीपासचा कागद आणला होता आणि टाकही. नायब कारकुनानं नोंद बाकी ठेवायची नसते, असं तिला आजोबांनी शिकवलं होतं.

“आई,” तिनं अगदी कानाशी येऊन विचारलं, “तू पडलीस ना, तेव्हा दही तर तुझ्याच हातात होतं. मग कुठं लिहू? दह्याच्या बाजूला का बिनदह्याच्या?”