फ्लेक्का बाहेर येत नाही

फ्लेक्काला बाहेर जायचं होतं आणि ओट्टार गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभा होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. डोंगरावरचा बर्फ डोळ्यांत टोचत होता आणि वाऱ्याचा कुठे पत्ता नव्हता. फेब्रुवारीत असा दिवस आमच्याकडे चुकूनच येतो. फ्लेक्काने ओट्टारकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा ओट्टारकडे पाहिलं. मेंढीने माणसाकडे असं पाहू नये.

"बाई गं, दोनच दिवस कळ काढ," ओट्टार तिला म्हणाला. "शनिवार उलटू दे, मग हवी तिथं हिंड."

फ्लेक्का पुढारी जातीची मेंढी होती. पुढारी म्हटलं की खाऊन तट्ट फुगलेला जीव डोळ्यांपुढे येतो, पण आइसलंडातली ही जात काटकुळी. मांस बेताचं, लोकर यथातथा, सगळं वजन डोक्यात. शेकडो वर्षं या मेंढ्यांनी कळपाच्या पुढे चालून धुक्यातून, हिमवादळातून कळप घरी आणले. मग रस्ते आले, जीप आल्या, हवामान खातं आलं आणि पुढारी मेंढ्या मूठभर उरल्या. त्या मुठीतल्या वीसेक ओट्टारकडे होत्या. शेजाऱ्यांच्या मेंढ्या पिंपासारख्या. ते ओट्टारच्या मेंढ्यांना हसत.

मेंढीवर विश्वास ठेवणारं अर्थातच खोऱ्यात कुणी नव्हतं. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या खिशात हवामान खात्याचा अंदाज. फक्त गाडी बाहेर काढण्याआधी ओट्टारच्या घरी फोन यायचा. आधी त्याच्या तब्येतीची चौकशी, मग त्याच्या बायकोच्या, स्वावाच्या, गुडघ्याची, आणि फोन ठेवता ठेवता, "बाकी, फ्लेक्का बाहेर आली होती का रे आज? सहज विचारलं." फ्लेक्का आली नसेल तर वादळ येणार असं धरून गाडी घरातच राहायची. फ्लेक्काची पिल्लं वसंतात जन्मायची, पण लोक ती थंडीतच सांगून ठेवायचे. विश्वास नसलेले लोकच. त्यावरच ओट्टारची ही जात तग धरून होती.

आणि शनिवारी थोर्रीची पंगत होती. थोर्री या भर हिवाळ्यातल्या जुन्या महिन्यात सगळं खोरं सभागृहात जमतं आणि पूर्वजांनी नाइलाजाने खाल्लेलं अन्न हौसेने खातं. आंबवलेली मुशी मासळी, मेंढ्यांची भाजलेली मुंडकी आणि हे सगळं घशाखाली उतरावं म्हणून बटाट्याची दारू. जेवणानंतर सोंगं. वर्षभरात ज्याची ज्याची फजिती झाली असेल ती पंगतीची समिती सगळ्यांसमोर करून दाखवते. ज्याची फजिती त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं, असा नियम. जो येणार नाही त्याची दुप्पट करायची, हा दुसरा नियम. सोंगं लिहायची गुदफिन्ना मावशी. चर्चमध्ये पेटी वाजवणारी ही म्हातारी एका कानाने ठार बहिरी होती, तरी खोऱ्यातली एक गोष्ट तिच्या कानातून निसटत नसे.

ओट्टारची फजिती शरदातली. डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायला सगळे गेले तेव्हा तो घोड्यावरून म्हणाला होता, "धुकं आलं तर घाबरू नका, माझ्या मागून या." धुकं आलं. फ्लेक्का कळप घेऊन दुपारीच घरी पोचली. ओट्टार डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात उतरला. तिथल्या लोकांनी त्याला आपल्या मेंढ्यांबरोबर कोंडवाड्यात घेतलं, रस्सा पाजला आणि दुसऱ्या दिवशी वाटेला लावलं. परतल्यावर "हरवलेलं कोकरू शोधत होतो" म्हणून त्याने वेळ मारून नेली. पण परवा दुकानात समितीचा अध्यक्ष ब्यार्तमार त्याच्याकडे बघून हसला होता.

"कसा हसला?" स्वावाने विचारलं.

"दात दाखवून."

"त्याने नवे बसवलेत ते."

"स्वावा, तू समितीत आहेस. खरं सांग, सोंगात मी आहे ना?"

"समितीचं समितीत."

"म्हणजे आहे!"

"असं म्हटलं मी?"

"'नाही' असंही नाही म्हटलंस."

"ओट्टार, कॉफी निवतेय."

पंगतच झाली नाही तर सोंगं कुठली? म्हणून ओट्टार दाराला पाठ लावून उभा राहिला होता. दुपारी ब्यार्तमारचा फोन आला. तब्येत झाली, गुडघा झाला.

"बाकी, फ्लेक्का काय म्हणते? सहज आपलं."

"काय म्हणणार? सकाळपासून दाराच्या आतच आहे," ओट्टार म्हणाला. यात एक शब्दही खोटा नव्हता.

"दाराच्या आत? एवढ्या उन्हात?"

"मी दाराशीच उभा होतो. बाहेर पाऊल टाकलं नाही तिनं."

"आपला काही मेंढीवर विश्वास नाही हं."

"नसावाच."

"पण म्हातारी माणसं येणार... गुदफिन्ना मावशी आहे... उगाच कशाला."

पंगत एक आठवडा पुढे गेली. शुक्रवारी शाळेला सुट्टी मिळाली. दुकानातल्या मेणबत्त्या संपल्या. पाद्र्याने एक बारसं लांबणीवर टाकलं. बर्फ काढायच्या गाडीचा चालक अंथरूण घेऊन गाडीतच झोपायला गेला. शनिवारी असं ऊन पडलं की छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं. सारं खोरं मेणबत्त्यांचे ढीग रचून खिडकीतून त्या उन्हाकडे बघत बसलं.

रविवारी फ्लेक्काची अब्रू गेली. "तिला चष्मा लाव रे," ब्यार्तमार फोनवर म्हणाला. दुकानात कुणीतरी म्हणालं, "पुढारीच ती. सांगणार एक, होणार भलतंच." ज्यांनी पिल्लं सांगून ठेवली होती त्यांना एकेक करून आठवलं की आपल्याकडे गवत कमी आहे. आठवड्याच्या शेवटी फ्लेक्काच्या पिल्लांना एकही गिऱ्हाईक उरलं नाही.

"एका चुकीवरून जात निकालात काढतात!" ओट्टार स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत म्हणाला. "त्या हवामान खात्याचं दर आठवड्याला चुकतं, त्याला कुणी काही बोलतं?"

"कोट काढ," स्वावा म्हणाली.

"का?"

"पाठीला गोठ्याच्या दाराचा हिरवा रंग लागलाय. चांगला रुंद पट्टा. आठवडाभर घालून हिंडतोयस." तिने कोट खुंटीला लावला आणि त्या विषयावर आणखी एक शब्द काढला नाही. ओट्टारला ते फारच लागलं.

दुसऱ्या शनिवारी सकाळी त्याने गोठ्याचं दार सताड उघडलं. हवा शांत होती. हवामान खात्याच्या मते मंद झुळूक येणार होती. "चल बाई, तोंड दाखव खोऱ्याला," तो म्हणाला. फ्लेक्का उंबऱ्यापर्यंत आली. तिने नाक वर करून हुंगलं, मागे वळली आणि पार टोकाच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ओट्टारने तिला ढकलून पाहिलं, राय धान्याच्या भाकरीचा तुकडा दाखवला. जन्मात पहिल्यांदा फ्लेक्काने भाकरीला नाही म्हटलं. ओट्टार धावतच घरात गेला. त्याने ब्यार्तमारला फोन लावला.

"पंगत पुढे ढकला."

"का रे?"

"फ्लेक्का बाहेर येत नाही."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग "मावशी, ऐकलंस का!" मग बऱ्याच जणांचा हशा.

"ओट्टार," ब्यार्तमार परत येऊन म्हणाला, "हा विनोद आम्ही आधीच सोंगात घेतलाय. तू ये, नाहीतर दुप्पट होईल."

स्वावा भाकऱ्यांची पेटी जीपमध्ये ठेवत होती. ओट्टार तिला आडवा आला. "तू तरी जाऊ नकोस. या वेळी खरं आहे गं."

"असेलही," स्वावा म्हणाली. "पण खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे ओळखायला तू काही जागा ठेवलीस का?" आणि ती गेली.

अंधार पडायच्या सुमाराला वादळ आलं. आधी डोंगर दिसेनासा झाला, मग कुंपण, मग खिडकीची काच. थोड्याच वेळात स्वावाचा फोन आला. सभागृहाची वीज गेली होती आणि विजेबरोबर ऊबही. गाड्या बर्फात गडप झाल्या होत्या. पोरांना सोंगाचे कपडे एकावर एक चढवून बसवलं होतं.

"फ्लेक्काला घेऊन ये," ती म्हणाली.

"ती बाहेर येत नाहीये."

"ओट्टार!"

"अगं देवाशपथ!"

तो गोठ्यात गेला आणि फ्लेक्कापुढे उकिडवा बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "स्वावा तिथे अडकलीय. या वेळी पुढे तू, मी मागून येतो." फ्लेक्काने थोडा विचार केला आणि उठली.

जाताना तो तिला ट्रॅक्टरमध्ये शेजारी बसवून गेला. सभागृह काही फार लांब नव्हतं. ट्रॅक्टर पायरीपर्यंत पोचला आणि तिथेच खड्ड्यात नाक खुपसून बसला. आत सगळे काळोखात चिकटून उभे होते. स्वावाने आधी ओट्टारचे कान चाचपून पाहिले, गोठले तर नाहीत ना, आणि मग फ्लेक्काचे.

"माझं घर इथून जवळ," ब्यार्तमार म्हणाला. "मोठंही आहे. माझ्याकडे चला."

"हो, हो! ब्यार्तमारकडेच जाऊ!" ओट्टार इतक्या उत्साहाने ओरडला की स्वावाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. ब्यार्तमारच्या घरी सोंगं झाली असती तर ओट्टार मेंढी पोचवायच्या निमित्ताने सटकू शकला असता.

सगळ्यांनी एक लांब दोर धरला. सर्वांत पुढे फ्लेक्का, तिच्यामागे ओट्टार, त्याच्यामागे सारं खोरं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती.

"डावीकडे!" मागून ब्यार्तमार ओरडला. "माझं घर डावीकडे! सांग तिला!"

"तूच सांग!" ओट्टार ओरडला. "मी मागून चालणारा माणूस आहे!"

फ्लेक्काने आयुष्यात एकच पत्ता पाठ केला होता. ती सगळ्या खोऱ्याला घेऊन थेट आपल्या गोठ्यात शिरली.

गोठा मेंढ्यांच्या अंगाने उबदार झाला होता. माणसं मोजली, सगळी होती. दोराला बांधून कुणी मुशीचं पिंपसुद्धा ओढत आणलं होतं. रात्र गवतात काढली. दुसऱ्या दिवशीही वादळ घोंघावत राहिलं, तेव्हा स्वावाने कोठीतलं होतं नव्हतं ते बाहेर काढलं. जेवणं झाली आणि गुदफिन्ना मावशीने कोटाच्या आतून कागदांची सुरळी काढली.

"सोंगं राहिलीत," ती म्हणाली.

ओट्टारने दाराकडे पाहिलं. त्याचंच घर, जाणार कुठे? "करा," तो म्हणाला. "आधी पलीकडच्या खोऱ्याचंच करा, म्हणजे एकदाचं उरकेल."

"कुठलं पलीकडचं खोरं?" गुदफिन्ना मावशीने विचारलं.

स्वावा छपराकडे बघू लागली.

"तू कोकरू शोधायला गेला होतास ना रे?" ब्यार्तमार म्हणाला. "का... धुक्यात..."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"अरे बाळा," गुदफिन्ना मावशी मायेने म्हणाली, "यंदाच्या सोंगात तू नव्हतासच. तुझ्यावर कधी एक ओळ लिहिता आली नाही मला. इतका सरळ माणूस, लिहिणार काय? यंदा सगळं ब्यार्तमारच्या दातांवर होतं. मग तू पंगत पुढे ढकललीस आणि मला अख्खा अंक मिळाला." तिने केसांत खोचलेली पेन्सिल काढली. "आता पलीकडच्या खोऱ्यात काय झालं ते सावकाश सांग. दुसरा अंक होईल."

पहिला अंक सुरू झाला. ब्यार्तमार अंगावर मेंढीचं कातडं घेऊन फ्लेक्का झाला. ओट्टार झाली स्वावा. तिने तोच कोट घातला होता आणि हिरवा पट्टा सगळ्यांना दिसावा म्हणून ती आधी एकदा गोल फिरली. नियमाप्रमाणे ओट्टार सगळ्यांत मोठ्याने हसला. ब्यार्तमारने नवे दात दाखवत त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, तेव्हा मात्र ओट्टारला नियमाची गरज उरली नाही.

खेळ रंगात आला असताना खरी फ्लेक्का उठली. नटांच्या मधून चालत ती दाराशी गेली आणि थांबली. ओट्टारने दार उघडलं. ती बाहेर पडली. वारा पडला होता. ढगांना भेग जाऊन डोंगरावर उन्हाची पट्टी उतरली होती.

"संपलं वादळ!" ओट्टार आनंदाने ओरडला. "फ्लेक्का बाहेर गेली! निघा आता घरी!"

कुणी जागचं हललं नाही.

"झालं याचं पुन्हा सुरू," कातड्यातून ब्यार्तमार म्हणाला. "दुसरा अंक चुकवायला बघतोय लेकाचा. दार लाव, गार हवा येते."

"अरे खरंच, बघा तरी!"

"बघितलंय आम्ही," गुदफिन्ना मावशी म्हणाली. "मागच्या शनिवारी."

ओट्टारने दार लावलं आणि सवयीप्रमाणे त्याला पाठ लावून उभा राहिला. आत एकच हशा उसळला. बाहेर उन्हात फ्लेक्काने एकदा मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणीच येत नाही अशी खात्री करून घेतली आणि एकटीच निवांत चालू लागली.