रुपरावची सुटका

आवक-जावक टेबलावर एकोणीस वर्षे काढल्यानंतर मला न्यायाची ओढ लागली. त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात चौकशी कक्ष उघडणार असून कक्षाच्या अधीक्षकाकडे फौजदारी न्याय विषयातील पदव्युत्तर पदवी असणे आवश्यक राहील, असे परिपत्रक आले होते. कक्षाला एसी मंजूर होता आणि नागपुरात एप्रिल लागला होता. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडणाऱ्यांची मने कलुषित आहेत, एवढेच म्हणतो.

प्रवेश दूरशिक्षणाने घेतला. फौजदारी न्याय हा विषय दूरशिक्षणासाठीच जन्माला आला असावा. दोन्हींत समोरासमोर गाठ पडत नाही, दोन्हींत पुढची तारीख मागाहून कळते आणि दोन्हींत माणूस कितीही वर्षे 'चालू' दाखवता येतो. पुस्तके घरी आली तशी मी त्यांना खाकी कव्हरे घातली आणि त्यानंतर त्यांना त्रास दिला नाही. गृहपाठ बाजारात तयार मिळाले. 'संशोधनातील प्रामाणिकपणा' हा गृहपाठ मात्र मी स्वतः बसून उतरवून काढला, कारण त्याची झेरॉक्स पुसट होती.

अडले ते क्षेत्रकार्यात. नियम असा, की विद्यार्थ्याने तुरुंगात जाऊन एका कच्च्या कैद्याची, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे अशाची, प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी. त्यासाठी बत्तीस प्रश्नांचा छापील नमुना होता. दुसऱ्या वर्षी मार्चअखेरीस डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी तुरुंगाच्या फाटकावर गेलो. शिपायाने अभ्यासकेंद्राचे पत्र मागितले. अभ्यासकेंद्राने मला आधीच सांगितले होते, की तुरुंगाची हरकत नाही असे पत्र आणा, मग आमचे पत्र देऊ. मी लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो.

तिथे मनकर्णाबाई बसली होती. नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून पहिल्या एसटीने मुलाला भेटायला आली होती. माझ्या हातातला नमुना पाहून तिने मला वकील समजले.

"माह्या पोराचं लिहून घ्या ना जी," ती म्हणाली. तिने त्याचे नाव सांगितले, वय सांगितले, शेजारच्याच्या विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ सांगितला. "जामीन होऊन अकरा महिने झाले. पण जामीनदार पाह्यजे म्हणते, सातबारावाला. आमी दुसऱ्याच्या संत्र्यात कामाले जातो, आमच्यापाशी कुठचा सातबारा? अन् गावात जो ओळखीचा सातबारावाला हाय, मोटर त्याचीच गेली."

"आई, मले तुमची नाही, कैद्याची मुलाखत पाह्यजे. तसा नमुनाच आहे."

"मंग त्याची घ्या. चांगला बोलते तो."

"मले परवानगी नाही."

"मले बी कधी कधी नसते," ती म्हणाली आणि डब्याचे फडके पुन्हा बांधू लागली.

मी काही लिहून घेतले नाही. पेन होते. ऊन फार होते.

घरी येऊन कूलरसमोर बसलो आणि मुलाखत घेतली. बत्तीस प्रश्न मीच विचारले, उत्तरेही मीच दिली आणि दोन ठिकाणी कैद्याचा कंठ दाटून आला. हकीकत मनकर्णाबाईच्या मुलाची, मोटर तीच, अकरा महिने तेच. फक्त नाव बदलले, कारण मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत छापले होते, की गोपनीयतेसाठी माहिती देणाऱ्याचे नाव बदलावे. मी नियमाचा पक्का आहे. कैद्याचे नाव रुपराव ठेवले.

मला शंभरात एक्क्याण्णव गुण पडले. परीक्षकांना गहिवरून आले आणि त्यांनी माझा प्रकल्प एका समितीकडे पाठवला. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत असलेल्यांना जातमुचलक्यावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हमीवर, सोडवणे हे या समितीचे काम. समितीने तुरुंगाला पत्र लिहून रुपरावची चौकशी केली. तुरुंगाने अक्षरशः खरे उत्तर दिले: 'सदर नावाचा बंदी आजमितीस या कारागृहात नाही.' समितीने त्यावरून तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. रुपराव आत होता हे माझ्या प्रकल्पाने सिद्ध होते, आता नाही हे तुरुंगच सांगतो, म्हणजे तो सुटला. समितीच्या अहवालात 'निकाली प्रकरणे' या रकान्यात पहिल्यांदाच आकडा पडला.

अभ्यासकेंद्राच्या समन्वयक शोभाताईंचा फोन आला. "सर, आपल्या केंद्रानं माणूस सोडवला. सत्कार ठेवून राहिलो आपण. येताना रुपरावले घेऊन या."

"तो येणार नाही मॅडम. फार लाजाळू आहे."

"मंग त्याची शाल बी तुम्हीच घेऊन घ्या."

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन शाली पांघरून, घामाने निथळत असलेला माझा फोटो वर्तमानपत्रात आला. खाली रुपरावची हकीकत सविस्तर होती. ते वर्तमानपत्र नरखेडकडेही जाते, याचा मला विसर पडला होता.

पंधरा दिवसांनी मी गुणपत्रिका घ्यायला केंद्रावर गेलो, तर शोभाताईंसमोर मनकर्णाबाई, कुणाकडून तरी वाचून घेतलेले ते वर्तमानपत्र घेऊन उभी. "हे माह्या पोराचंच हाय जी. मोटर तीच, विहीर तीच. नावच दुसरं हाय," असे म्हणून तिने मुलाचे नाव पुन्हा एकदा सांगितले. "अन् पोरगा तं अजून आतच हाय."

शोभाताईंनी सहानुभूतीने ऐकून घेतले. "बाई, ही केस निकाली निघाली. एका मोटरीसाठी दोन जणं कसे सोडतील?"

मनकर्णाबाईचे लक्ष माझ्याकडे गेले. "हे साहेब होते तिथं. सांगा न जी तुमी."

सांगायला एक वाक्य पुरले असते. पण माझ्या हातात गुणपत्रिका होती. "गोपनीयतेचा नियम आहे," मी म्हणालो, "मले बोलता येत नाही." शोभाताईंनी तिला समितीकडे रीतसर अर्ज करायला सांगितले.

घरी बायकोला सगळे सांगितले. सरिता भाजी निवडत होती. "काहून सांगत नाही तुम्ही? एक चिठ्ठी लिहा. रुपराव खोटा, पोरगा खरा. महिन्याभरात सुटन तो."

"पदवी जाईल."

"जाऊ द्या. पुस्तकाले कव्हर घालाले तुम्हाले पहिलेपासूनच येत होतं."

मी चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात माझी नेमणूक झाली आणि चौकशी कक्षाचे सामान लावण्यात ती मागे पडली. नव्या टेबलावर आलेला पहिलाच लिफाफा समितीचा होता. 'सोबतच्या अर्जातील तपशील पूर्वीच्या निकाली प्रकरणाशी जुळतात. मूळ प्रकरणाचे अभ्यासक या नात्याने आपला तज्ज्ञ अभिप्राय कळवावा.' अर्जाखाली मनकर्णाबाईचा अंगठा होता.

ड्रॉवरमध्ये माझी अर्धी चिठ्ठी, टेबलावर तिचा अर्ज. चहा येऊन निवेपर्यंत मी दोन्हींकडे पाहत होतो. मग लिहिले: 'दुबार अर्ज. या हकीकतीवरील लाभ एकदा देण्यात आला असल्याने दप्तरी दाखल करावा.' सही केली आणि सहीखाली आयुष्यात पहिल्यांदा पदवी लिहिली. लाज वाटली. खोटे कशाला सांगू, कानशिले तापण्याइतकी वाटली. एसी सोळावर केला.

तेव्हापासून सरिता माझ्याशी कामापुरते बोलते. काल तिने वाढलेले ताट माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, "सुटला का तो?" मी न जेवता उठलो, चिठ्ठी काढली आणि एका बैठकीत पूर्ण केली. रुपराव मी रचला, मुलाखत मी रचली, अभिप्राय खोटा दिला, पदवी परत घ्यावी, सगळे लिहिले. शेवटची ओळ तेवढी राहिली: तरी खालील इसमास तात्काळ जातमुचलक्यावर सोडावे. नाव:

नाव आठवेना. तिने झाडाखाली सांगितले होते, केंद्रावर सांगितले होते, अर्जाच्या पहिल्याच ओळीत कुणाकडून लिहून घेऊनही आणले होते. तो अर्ज माझ्याच अभिप्रायाने दप्तरखान्यात गेला आहे. तिथून कागद बाहेर काढायला चौकशी सुरू असल्याचा आदेश लागतो, आणि चौकशी सुरू करायला आधी नाव लागते. हा नियम मला माहीत आहे, कारण कक्षाचा अधीक्षक मी आहे.

रुपरावचे नाव मात्र मी झोपेतही सांगेन. तुम्हीही सांगाल, गोष्टीच्या डोक्यावरच छापले आहे. पण तो पोरगा खरा आहे आणि जामीन होऊनही आज सतराव्या महिन्यात आत आहे. त्याच्या आईने त्याचे नाव तुमच्यादेखत दोनदा घेतले. तुम्ही शिकलेली, न्यायाची चाड असलेली माणसे. वाचताना एकदा तरी थांबून विचारले असेल, की अहो, त्याचे नाव काय, या भरवशावर मी चिठ्ठीतली तेवढी जागा कोरी ठेवली आहे.