सुखदेवरावांचं ध्यान

मुलाच्या, प्रणयच्या, नव्या घरातली बुद्धवंदना त्याच्या बाबांनीच घ्यायची, हे कलावतीबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सुखदेवरावांना स्ट्रोक येऊन गेल्याला वर्ष उलटलं होतं. हात चालत होता, जीभ वळत होती, चेहराही सरळ झाला होता. राहिला होता फक्त थकवा, आणि तो कुणाला दिसत नव्हता. लोक म्हणायचे, "छान दिसताय की." मग बाईंना वाटायचं, छान आहेत तर दिवसभर लोळतात कशाला?

खरं तर बाई स्वतः नर्स. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना त्याच समजावायच्या, "हा आळस नाही, मेंदू थकतो. झोपू द्या त्यांना." पण हे ज्ञान त्या युनिफॉर्मबरोबर लॉकरमध्ये ठेवून घरी येत.

त्या रविवारी सुखदेवराव म्हणाले, "निघायच्या आधी जरा पडू दे गं मला."

"तिथे जाऊन बसायचंच तर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला खुर्च्या गाडीत ठेवायला लावल्या आणि वाटेत दोन दुकानंही फिरवली.

बॉटनी डाउन्स उपनगरातलं प्रणयचं ते घर पाहुण्यांनी भरलं होतं. सुखदेवरावांनी त्रिशरण, पंचशील खणखणीत आवाजात म्हटलं. बाईंनी अभिमानाने इकडेतिकडे पाहून घेतलं. "आता दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसू," सुखदेवराव म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

दोन मिनिटं केव्हाच संपली. पण ध्यान सुरू करणाऱ्यानेच ते संपवायचं, अशी रीत. मध्येच उठणार कोण? सून रिया सर्वांत पुढे बसली होती आणि तिचा भात शेगडीवर होता. आधी वास आला, मग धूर, आणि मग छतावरचा अलार्म कोकलायला लागला. शेवटी प्रणयच उठला, त्याने शेगडी बंद केली आणि टॉवेल फिरवत अलार्मखाली उड्या मारल्या. पाहुण्यांतल्या चंद्रशेखरकाकांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते मदतीला उठायला गेले आणि उशांच्या ढिगावर आडवे झाले. सुखदेवराव मात्र ताठ बसलेले, पापणीसुद्धा हलली नाही.

"काय एकाग्रता आहे," कुणीतरी पुटपुटलं.

बाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. पुन्हा स्ट्रोक तर नाही? त्यांनी हळूच नवऱ्याचं मनगट धरलं, ओठांचे कोपरे निरखले. नाडी नीट होती, ओठही सरळ होते. श्वासाला तेवढा घोरण्याचा बारीक सूर होता. माणूस बसल्या जागी गाढ झोपला होता. सकाळपासून बिचारा तेवढंच तर मागत होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो," त्या कानाशी म्हणाल्या.

सुखदेवरावांनी दचकून डोळे उघडले आणि ते सवयीने म्हणाले, "भवतु सब्ब मंगलं."

"साधु, साधु, साधु," धुरातून उत्तर आलं.

करपलेला भात सगळ्यांनी निमूट खाल्ला. चंद्रशेखरकाका गहिवरून म्हणाले, "अशी बैठक आयुष्यात बघितली नाही, सुखदेवराव. मनुरेवाच्या आपल्या वंदनेच्या हॉलमध्ये दर रविवारी तुम्हीच ध्यान घ्यायचं." सुखदेवरावांनी मान डोलावली.

परतताना गाडी चालवता चालवता बाई म्हणाल्या, "हो कशाला म्हणालात? झेपणार आहे का तुम्हाला?"

"तिथे कोणी उठवत नाही गं," ते म्हणाले.

आवाजात जराही तक्रार नव्हती, म्हणून बाईंना ते जास्तच लागलं. चुकलं माझं, असं म्हणायचं ठरवायला त्यांना घरापर्यंतचा रस्ता लागला. घरासमोर गाडी थांबवून त्या वळल्या, तर सुखदेवराव झोपले होते.

मागे खुर्च्या तशाच होत्या. एरवी त्यांनी खुर्च्या उतरवायला हाक मारली असती. आज त्या नुसत्या बसून राहिल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत येणाऱ्या शेजाऱ्याने ते पाहिलं आणि काचेवर टकटक करून इथल्या पद्धतीचा नमस्कार घातला.

"किया ओरा, कलावती. ऑल गुड?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मेडिटेशन," त्या कुजबुजल्या, आणि त्यांनी स्वतःचेही डोळे मिटून घेतले.