रस्त्यानं का विमानानं?

आमच्या शेजारच्या भिकोबाआबांना जवळचं उर्से गाव किती लांब आहे, असं विचारून बघा. ते आधी तुम्हालाच विचारतील, "रस्त्यानं का विमानानं?"

कामशेतच्या बाजारात त्यांचं तांदळाचं दुकान आहे. सत्तरी उलटली, विमानात अजून पाऊल ठेवलेलं नाही. पण जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा, अंतर आणि वेळ तोंडपाठ. गिऱ्हाईक दोन किलो इंद्रायणी मागतं आणि लंडनला किती तास लागतात ते ऐकून जातं. शिरगावला दर्शनाला निघालेल्या एका जोडप्यानं रस्ता विचारला, तर म्हणाले, "विमानानं मिनिटभर!" बिचारे उन्हात वर बघत राहिले.

मी शाळेत भूगोल शिकवते. एकदा गमतीनं म्हटलं, "आबा, या की वर्गात." दुसऱ्या दिवशी पोती शिवायची सुतळी घेऊन हजर! पृथ्वीगोलावर मुंबईपासून मेलबर्नपर्यंत सुतळी ताणली आणि मुलांना सांगितलं, "जाताना वारा पाठीशी, येताना आडवा. म्हनून येताना वेळ जास्ती." मुलं खूश. माझा धडा राहिला तो राहिलाच.

हे वेड सुमन गेल्यापासूनचं. सुमन त्यांची एकुलती लेक, लग्न होऊन मेलबर्नला गेली. मुंबईहून थेट गेलं तर साधारण साडेबारा तास. आबांची बायको, आमच्या मावशी, कावतात, "अवो, गिऱ्हाईक तांदूळ न्यायला आलंय, आस्ट्रेलियाला न्हाई निघालं!"

गेल्या महिन्यात सुमन चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली, राहिली आणि परत निघाली. विमान पहाटेचं, म्हणून दोघी आदल्या रात्रीच घरातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी आबांकडे डोकावले. घरभर चुरमुरे, कागदाचे कपटे, आणि आबा उंबऱ्याशी केरसुणी मांडीवर घेऊन बसलेले.

"बघा बाई, कालपास्नं झाडू देत न्हाईत," मावशी म्हणाल्या.

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की लगेच घर झाडत नाहीत. पण आम्ही थोडा वेळ थांबतो आणि उरकतो. आबा लेक पोचेपर्यंत थांबतात. ती कधी पोचणार हे कळावं म्हणून ही सगळी विद्या! बाकीची शहरं त्या नादात पाठ झालेली. मला हसू आलं, आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

फोन वाजला. सुमन मेलबर्नला उतरली होती. मावशींनी केरसुणीला हात घातला.

"थांब गं. विमानतळावर उतरली. घरी कुटं पोचलीय?"

तास-दीड तासानं दुसरा फोन आला. "आबा, घरी आलो." आबांनी मोठा श्वास सोडला आणि केरसुणी मावशींना दिली.

मावशींनी भराभरा केर काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. तिथे तांदळाचं पीठ सांडलं होतं आणि त्यात नातीची इवली पावलं उमटली होती.

"एवढं ऱ्हाऊ द्या आज," त्या म्हणाल्या.

आबांनी मान डोलावली. दिवेलागण झाली होती. ते भिंतीच्या कडेकडेनं, पाय जपून टाकत देवघराकडे गेले.