मुश्ताक द्यायचा नव्हता

नवा माणूस समोर आला की बापू सावंत आधी एवढंच विचारत, “हा कोणाच्या बदल्यात आला?”

आखातात, रुसैलच्या आमच्या कारखान्यात बापू स्टोअरकीपर, आणि कंपनीच्या क्रिकेट टीमचे मॅनेजर. कंपनीचा दुसरा कारखाना दूर सोहारला, तिथेही टीम. माणसांच्या बदल्या कंपनी करायची, पण बापूंच्या लेखी कोणाची बदली होतच नसे. माणूस आम्ही ‘दिलेला’ असे, नाहीतर ‘घेतलेला’. मेसचा मालवणी आचारी गेला आणि केरळी आला, तेव्हा पहिल्या घासालाच निकाल लागला. “मासळी दिली, सांबार घेतलं. कागदावर बरोबर, मैदानावर खलास!” मुलाचं लग्न ठरलं, गावाहून सुनेचा फोटो आला, तेव्हा आम्ही अभिनंदन करायला गेलो. बापू फोटो बघत म्हणाले, “पोरगी उत्तम. पण समोरच्यांनी आमच्या पोरात काय बघितलं? फसले बिचारे.”

जूनमध्ये अझैब्याच्या मैदानावर नुसतं उभं राहिलं तरी बुटांचे तळ सुटत. मग क्रिकेट बंद आणि बापूंची उन्हाळी बैठक सुरू. शुक्रवारी दुपारी, मेसमध्ये, एसीखाली. आधी झालेल्या सगळ्या अदलाबदलींची चिरफाड, मग पुढच्या हंगामाला काय हवं त्याची चर्चा. आम्ही जायचो एसीसाठी आणि थांबायचो बापूंसाठी.

“शेट्टी दिला, नायर घेतला. फायदा झाला. शेट्टी कॅच सोडून वर सॉरी म्हणायचा. नायर नुसताच सोडतो. वेळ वाचतो.”

नायरसुद्धा हसायचा.

“आणि मुश्ताक दिला.” इथे दरवर्षी त्यांचा आवाज खाली यायचा. “ती चूक माझी. पुढे चला.”

दरवर्षी मी चहाच्या ग्लासात बघायचो.

मुश्ताक आमचा विकेटकीपर आणि कामावर माझ्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन. त्याचं गाव आणि बापूंचं गाव एकाच खाडीच्या अल्याड-पल्याड. कंपनीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसत आणि कारखाना येईपर्यंत गावच्या बोलीत एकमेकांची अक्कल काढत. मुश्ताक गेल्यापासून बापू त्या सीटवर आपला डबा ठेवत. कोणी डबा उचलायला गेला तर, “जागा भरलीय.” आम्हाला वाटे, म्हातारा चक्रम आहे.

आता सांगून टाकतो. मुश्ताकला बापूंनी दिलं नव्हतं. मी दिलं.

सोहारला एक इलेक्ट्रिशियन हवा होता. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “तू जातोस की मुश्ताकला पाठवू?” माझी बायको-मुलगी नुकतीच आली होती, मुलीला शाळेत कशीबशी जागा मिळाली होती. मी म्हणालो, मुश्ताकला. इथपर्यंत कोणीही मला समजून घेईल. पुढचं नाही. मुश्ताकने मला विचारलं, “माझं नाव कोणी पुढे केलं?” आदल्याच दिवशी चहाला बापू म्हणाले होते, सोहारचा तो डावखुरा बॅट्समन मिळत असेल तर मी कोणालाही द्यायला तयार आहे. मी मुश्ताकला फक्त तेवढं सांगितलं. तो बापूंना न भेटता गेला. महिन्याभराने डावखुरा खरोखरच इकडे आला, आणि बापू धरून चालले की आपली चहावरची बडबड साहेबांच्या कानावर गेली. चार वर्षं मी त्यांना तसं वाटू दिलं.

दोन हजार अठराच्या बैठकीत बापू म्हणाले, “यंदा गरज एकच. विकेटकीपर. सोहारचं युनिट बंद होतंय, मुश्ताक उद्या परत येतोय. पण तो माझ्या टीमसाठी काही उभा राहायचा नाही. दुसरा शोधा.”

मी उठलो आणि जे वर लिहिलंय ते सगळं, सगळ्यांसमोर सांगितलं.

गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तपासावा तसे बापू माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुला द्यायचं म्हटलं तरी घेणार कोण रे?”

कोणी हसलं नाही. बापू उठून खोलीवर गेले आणि विकेटकीपिंगचे ग्लोव्हज घेऊन आले. मुश्ताकचे. चार वर्षांपूर्वी किटमध्येच राहिलेले. कातडं लोण्यासारखं मऊ, आणि खोबरेल तेलाचा वास.

“दर उन्हाळ्यात तेल लावतो. नाहीतर इथल्या हवेत तडकतं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “हे घेऊन उद्या त्याला आणायला तू जायचं. मला सांगितलंस ते त्याला सांगायचं. एक शब्द कमी नको. यल्ला, चल.”

सोहारची बस अझैब्याला थांबते तिथे, त्याच्या बॅगा गाडीत टाकायच्या आधीच, मी सांगितलं. मुश्ताक ऐकत होता. “चार वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा फोन उचलला नाही,” एवढंच तो म्हणाला. त्याने ग्लोव्हज घेतले, एकाचा वास घेतला आणि बॅगा स्वतःच गाडीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुश्ताक कंपनीच्या बसमध्ये चढला. बापू खिडकीबाहेरच बघत होते. तसेच बघत त्यांनी शेजारचा डबा उचलून मांडीवर घेतला.

“बस मरे,” ते म्हणाले. “चार वर्सां जागा धरून ठेवलंय. डब्याक पण कंटाळो इलो.”

मुश्ताक बसला. मी मागच्या सीटवर. रुसैल येईपर्यंत दोघांनी एकमेकांची अक्कल काढली, एका खाडीची दोन्ही टोकं उद्धारली. उतरायच्या आधी बापू मागे वळले आणि डबा माझ्या हातात ठेवला.

“धर. आता ठेवायला जागा नाही.”